दुरुस्तीची वही

पहिली नोंद वडिलांच्या हातची आहे.
हेदविका शिमाचकोवा, वय एकोणीस.
चेलो. पोटाला वीतभर चीर,
ओस्त्रावाच्या गाडीत कुणाची तरी ट्रंक वरून पडली.
समासात बारीक अक्षरात:
मुलगी चिरेपेक्षा मोठी रडली.

मी तेव्हा दहा वर्षांचा, सरस ढवळायचो.
तिनं मला विचारलं, दुखतं का रे त्याला?
मी शहाण्यासारखा म्हणालो, लाकूड आहे ते.
वडिलांनी माझ्या बोटांवर पळी हाणली
आणि तिला म्हणाले, दुखतं. पण बरं होतं.

पुढची पानं माझी.
घोडी नवी. तारा. गजाचे केस. पुन्हा गजाचे केस.
दर वसंतात, दौऱ्याच्या आधी,
चौघंही कोबीच्या बाजारामागचा माझा जिना चढायचे:
ब्रेतिस्लाव, यारमिला, व्हियोला वाजवणारा लुबोर, आणि ही.
माझी बायको म्हणायची, आली चांडाळ चौकडी.
एका विरामाच्या लांबीवरून
तीन वर्षं बोलत नव्हते एकमेकांशी;
श्वास मात्र चौघं एकदमच घ्यायचे.

हिच्या वाट्याला तळ.
ज्यावर बाकीचे उभे राहतात
आणि खाली बघत नाहीत.

विमानात चेलोसाठी वेगळं तिकीट काढायची,
श्रीयुत शिमाचेक या नावानं.
त्याच्याही वाटणीचा केक यायचा, तो हीच खायची.
लग्न याच्याशीच झालंय माझं, म्हणायची,
घोरत नाही, फक्त एका जागी गुरगुरतो.

गुरगुरायचा खरा.
एफ आणि एफ शार्पच्या मध्ये कुठेतरी
त्याच्या अंगात लांडगा होता.
बहुतेक चेलोंमध्ये असतो; गज टेकला की सूर फाटतो,
आतून काहीतरी रानटी हुंकारतं.
मी म्हणालो, एवढीशी पितळी नळी बसते तारेवर,
घोडीच्या खाली, गप्प होईल.
राहू दे, म्हणाली.
इतकी वर्षं वळसा घालून जातेय,
रस्ता मोकळा झाला तर चुकेन.

एक नोंद अशी आहे:
चेलो अंगापासून हातभर लांब धरून वाजवते आहे,
टेकायची दांडी लांब हवी. नवी बसवली.
त्याच्या खालची नोंद पाच महिन्यांनंतरची:
दांडी पुन्हा आखूड.
मी काही विचारलं नाही.
छातीला टेकतो तिथलं व्हार्निश गेलं होतं,
तेवढं भरलं.

मग लुबोरचा हात थरथरू लागला.
आधी चहाच्या कपावर, मग गजावर.
त्याच्या जागी दुसरा घ्या, सगळे म्हणाले.
कोण घेणार?
विराम किती लांब, हे कळायला त्याला तीस वर्षं लागली होती.
शेवटचा कार्यक्रम एका शाळेच्या व्यायामशाळेत,
भिंतीवर दोर लोंबत होते, पुढे छप्पन्न माणसं.
मी मोजली. दुसरं काय करणार होतो,
डोळे कुठे ठेवणार होतो?

परवा आली. बहात्तर वर्षांची.
जिना चढताना चेलो एका मुलीच्या पाठीवर.
तेरा-चौदाची असेल, नाव व्लास्ता,
नखं कुरतडलेली, डोळे माझ्या हत्यारांवर.
आता बसव ती नळी, म्हणाली. मुलगी नवी आहे.

बसवली.
तिनं गज घेतला, आणि बरोबर त्या जागी, वळसा न घालता,
सरळ चालून गेली.
सूर स्वच्छ. काचेसारखा.
ती थांबली, मान तिरकी करून ऐकत राहिली,
शेजारच्या घरात रोज भुंकणारं कुत्रं
आज का भुंकत नाही, तसं.

काढ, म्हणाली.

नळी मी व्लास्ताच्या तळहातावर ठेवली.
लावायची की नाही, तुझं तू ठरव.
तिनं ती वाजते का म्हणून दातांवर आपटून पाहिली.

त्या दिवसाची नोंद:
काम काही केलं नाही.
पैसे घेतले नाहीत.
नाव खोडून नवं नाव लिहिलं, तेही आधी पेन्सिलीनं.